निर्गुडीच्या छत्तीस काड्या

पाऊस आला तेव्हा ती बसथांब्यापासून बरीच लांब होती आणि छत्री दुकानातल्या खिळ्याला टांगलेली होती. समोर एका रोपवाटिकेचं फाटक उघडं दिसलं, तशी ती आत शिरली आणि हिरव्या जाळीच्या मांडवाखाली जाऊन उभी राहिली. पण जाळी ती जाळीच... पाऊस अडवायचं सोडून ती तो चाळून खाली सोडत होती. दोन मिनिटांत केस चिंब, बाह्या चिंब. छातीशी धरलेली जुडी मात्र तिने अंगातला स्वेटर काढून त्यात गुंडाळली होती आणि तिला थेंबही लागू दिला नव्हता.

मांडवाच्या टोकाला एक तरुण उकिडवा बसून पिशव्यांत माती भरत होता. त्याने मान वर केली, खाली घातली, पुन्हा वर केली. स्वतः भिजत स्वेटर छातीशी जपणारी मुलगी काही रोज बघायला मिळत नाही.

“एवढं काय आहे त्यात?”

“काड्या.”

“सोन्याच्या?”

तिने जुडी उलगडून दाखवली. छत्तीस काड्या. सगळ्या वीतभर, केसाचाही फरक नाही. दोन्ही टोकं सपाट, पान औषधालाही नाही, आणि मधोमध मेणाच्या दोऱ्याची घट्ट गाठ. त्याने हात पँटला पुसले, एक काडी उचलली, नखाने साल खरवडली आणि नाकाशी नेली. त्या उग्र, कडवट वासाची ओळख त्याला लगेच पटली.

“निर्गुडी आहे ही. पण हिची अशी पेन्सिल कुणी केली?”

“मी. आमच्या कटरवर. पुस्तकं कापायच्या.”

तो हसला नाही. हसला असता तर ती तशीच पावसात निघून गेली असती, हे तिने पुढे कितीतरी वेळा बोलून दाखवलं. त्याने फक्त एक रिकामा डबा पालथा घालून तिच्याकडे सरकवला आणि म्हणाला, “बसा. सावकाश सांगा.”

तिने सांगितलं. बाबांचं आणि तिचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे चार पावलांचं अंगण, आणि त्या अंगणात आईने लावलेली निर्गुडी. तेरा वर्षांपूर्वी बाबांची बोटं दुखायला लागली तेव्हा आईने कुठूनशी एक फांदी आणून रोवली होती. तिचं बघता बघता पत्र्यापर्यंत गेलेलं झुडूप झालं. रोज संध्याकाळी आई त्याची पानं पातेल्यात उकळायची आणि बाबा त्या कोमट पाण्यात हात बुडवून बसायचे. उरलेली पानं सावलीत वाळवली जायची आणि जुन्या पुस्तकांच्या कपाटात जायची, कसर लागू नये म्हणून. डास वाढले की त्याच पानांची धुरी. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. पातेलं आता लेक उकळत होती. आणि परवा घरमालकाचा निरोप आला, की मागून सांडपाण्याचा पाइप जाणार, अंगण खणणार, ते झाड काढून टाका. मूळ भिंतीच्या पायात शिरलेलं, त्यामुळे अख्खं झाड हलवायची सोय नव्हती. बाबा यावर एक अक्षर बोलले नाहीत. ते न बोलणंच तिला सोसवेना.

म्हणून तिने सकाळीच फांद्या तोडल्या, सवयीने साफ केल्या, सवयीने एका मापात कापल्या आणि सार्वजनिक बागेतल्या माळ्याकडे नेल्या. त्याने जुडीकडे पाहून नुसती नकारार्थी मान हलवली होती.

“बाजारात निर्गुडी मिळते, ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “मला हीच जगवायची आहे. आईची.”

“कळलं,” तो म्हणाला. मग त्याने काडी तिच्यासमोर आडवी धरली. “आता सांगा, हिचं डोकं कुठलं आणि पाय कुठले?”

तिने काडी या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली. दोन्ही बाजू सारख्याच शहाण्या दिसत होत्या.

“उलटी लावली तर काय होतं?”

“तुम्हाला उलटं रोवलं तर जे होईल तेच.”

मग त्याने दाखवलं. पान तुटतं तिथे एक खूण राहते, चंद्रकोरीसारखी. तिच्या अगदी वर एक बारीक फुगीर ठिपका असतो. तो डोळा. फुटवा तिथून येतो, म्हणून डोळा खुणेच्या ज्या अंगाला असेल ते वरचं टोक. एवढं समजल्यावर ती अशी काही कामाला लागली, की पाऊस थांबल्याचंही दोघांना कळलं नाही. एक एक काडी ती उजेडाकडे धरायची, खूण शोधायची, डोकं एकीकडे करून रचायची. तो खालचं टोक डोळ्याच्या लगेच खाली तिरकं छाटायचा. तिरक्या कापाने पाणी प्यायला तोंड मोठं मिळतं, आणि खालची बाजू कुठली हे आपणही विसरत नाही, असं त्याचं म्हणणं. तिच्या डोळ्यांदेखत तिचे छत्तीस काटकोन बिघडत होते आणि ती काही बोलू शकत नव्हती.

“आणखी एक,” ती निघताना तो म्हणाला. “कागद कोरडा ठेवतात. काड्या ओल्या फडक्यात ठेवायच्या असतात. पावसापासून वाचवायच्या नसतात, काटकोनबाई.”

त्या नावाचा तिला राग यायला हवा होता. बसमध्ये बसल्यावर तिने तो आणायचा प्रयत्नही केला, पण जमलं नाही.

पैसे घ्यायला तो तयार नव्हता. शेवटी ठरलं ते असं, की त्याची एक लागवडीची वही होती, कुठलं रोप कधी लावलं, कधी रुजलं, कशाने मेलं हे सगळं लिहिलेली. तिची पानं इतकी सुटली होती, की ती वही म्हणण्यापेक्षा पानांचा ढीग म्हणणं बरोबर. ती तिने बांधून द्यायची. गुरुवारी दुकान बंद असायचं, त्या गुरुवारी ती वही घेऊन आली. आता, बांधून झालेल्या पुस्तकाच्या तिन्ही कडा कटरखाली सरळ करायच्या हा तिच्या घरातला नियम. पण याने पानांच्या अगदी काठापर्यंत लिहिलेलं होतं, कडेकडेने, तिरकं, कुठे तर पाऊस पडला त्याची खूण म्हणून नुसती एक रेघ. कटर चालवला असता तर ते सगळं गेलं असतं. तिने पहिल्यांदाच एक वही न कापता बांधली. वेड्यावाकड्या कडांची ती वही दुकानाच्या फळीवर दिसली, तेव्हा बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा सुई हातात घेतली.

काड्या एका लांबट ट्रेमध्ये, अर्धी वाळू अर्धी माती घालून लावलेल्या होत्या. दोन डोळे मातीत, दोन बाहेर. वर सावली. माती ओली हवी, पण चिखल नको. आणि दीड महिना धीर. हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं.

“तुम्ही सगळ्यालाच सावकाश म्हणता का हो?” तिने विचारलं.

“घाई केली तर झाडं ऐकत नाहीत.”

“आणि माणसं?”

तो झारीकडे बघत राहिला. “माणसांचा... तेवढा अनुभव नाही.”

त्या दिवसापासून तो तिच्यासाठी सावकाशराव झाला. रोपांना पाणी घालणाऱ्या मावशींना हे नाव इतकं आवडलं, की त्याही तेच म्हणायला लागल्या. मावशींनी एकदा तिला बाजूला घेऊन सांगितलंही, की दादा आठवड्यातून एकदाच दाढी करतात, आणि ती हल्ली नेमकी गुरुवारी होते. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ऐकलं मात्र होतं.

दुसऱ्या गुरुवारी डोळे फुगले होते. तिसऱ्या गुरुवारी ट्रेभर पोपटी ठिपके उघडले, त्यातून इवली इवली पानं, खालून पांढुरकी, वरून लुसलुशीत. तिला इतका आनंद झाला, की तिने त्याचा मातीने भरलेला हात धरला. मग धरलेला हात सोडायचा कसा हे दोघांनाही सुचेना. जाळीतून पावसाचं पाणी अजून टपकत होतं. एक थेंब तिच्या नाकावर पडला आणि ती हसली, तेव्हा कुठे हात सुटला.

“एवढ्यात आनंद करू नका,” तो म्हणाला. “पान काडीतल्या ओलीवर फुटतं. मूळ धरलं असं नाही त्याचा अर्थ. पानं फसवतात.”

हे त्याने सांगायला नको होतं... किंवा सांगितलं तर पुढचंही सांगायला हवं होतं. कारण पुस्तकं बांधणाऱ्या माणसाच्या हाताला एक खोड असते. खळ लावून पुठ्ठा चिकटवला, की ओलं आहे का धरलं, हे तो कोपरा हळूच उचलून बघतो. दहा वेळा बघतो. तिने तर लहानपणापासून दुसरं काही केलंच नव्हतं. तो गिऱ्हाइकाशी बोलायला गेला, की तिची बोटं आपोआप काडीकडे जायची. अलगद वर उचलायची, तिरक्या टोकाकडे बघायचं, परत खोचून माती दाबायची. दर वेळी दोन-तीन. पहिल्याच गुरुवारपासून.

पाचव्या गुरुवारी ट्रे काळवंडला होता. पानं लोंबत होती, टोकं सुकलेली. तो ट्रेपाशीच बसला होता, जणू तिचीच वाट बघत. त्याने एक काडी उपटून तिच्या तळहातावर ठेवली. तिरक्या कापाला केसाहून बारीक चार-दोन मुळं होती, सगळी तुटलेली, तपकिरी पडलेली.

तिला समजायला वेळ लागला नाही. “मी उचलून बघत होते,” ती म्हणाली. “प्रत्येक वेळी. मीच...”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“दुसऱ्या गुरुवारपासून. काडीभोवतीची माती सैल दिसते. लपत नाही ते.”

“मग मला हटकलं का नाही?”

या खेपेला तो सावकाश म्हणाला नाही. मग खाली बघून बोलला, “हटकलं असतं तर तुम्हाला लाजल्यासारखं झालं असतं. तुम्ही म्हणाला असता, ठीक आहे, आता दीड महिन्यानेच येते. मला... दीड महिना नको होता.”

क्षणभर तिच्या काळजात काहीतरी उजळलं, हे खोटं कशाला बोलायचं. आणि पुढच्याच क्षणी तिचे डोळे ट्रेवर गेले.

“म्हणजे मी इथे येत राहावं म्हणून तुम्ही माझ्या आईचं झाड मरू दिलंत?”

त्याने नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला खोटं बोलता येत नव्हतं. ती उठली, फाटकाबाहेर गेली आणि बस येईपर्यंत एकदाही मागे वळली नाही. राग त्याच्यावर होता, त्याहून जास्त स्वतःवर होता, आणि दोन्ही एकत्र सांभाळायला बसमध्ये जागा पुरत नव्हती.

अंगणात तोवर पाइप पडून गेला होता. वर सिमेंटचा कोबा. मागचं दार उघडलं की राखाडी चौकोन दिसायचा, म्हणून ती दार उघडायचीच नाही. पुढच्या गुरुवारी ती घरीच राहिली. त्याच्या पुढच्याही. कामाला कमी नव्हती. तिने दुकानातली सगळी कात्रणं गोळा केली, दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावली, आणि ती लावून झाल्यावर पुन्हा काढून जाडीप्रमाणे लावली. आणि जायला आता कारण तरी कुठे होतं? काड्याच मेल्या, तर तिथे बघायचं काय...

त्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी तिने नेहमीसारखं पातेलं बाबांपुढे ठेवलं. नुसतं गरम पाणी. पान नव्हतं, वास नव्हता. बाबांनी हात बुडवले. ती समोर स्टुलावर बसली आणि एकदम रडायलाच लागली. मग सगळं सांगितलं. काड्यांचं, उचलून बघण्याचं, तो गप्प बसल्याचं. हात धरल्याचं तेवढं वगळलं, पण बाबांना वगळलेलंही ऐकू येत असावं.

बाबा खूप वेळ पाण्यात बोटं हलवत राहिले.

“माझी बोटं कधी बरी झाली, सांगू?” ते म्हणाले. “तुझ्या आईने झाड लावलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी.”

तिने डोळे पुसले. आपण नीट ऐकलं नाही असं तिला वाटलं.

“पहाटेपासून उभी असायची ती. दुकान, घर, तुझी शाळा. बस म्हटलं तर बसायची नाही. या पातेल्यापाशी मात्र बसायची. पाणी निवेपर्यंत. समोर बसून दिवसभराचं सगळं सांगायची. बोटं बरी झाली म्हटलं असतं, तर उठून गेली असती ना.”

“बाबा... अकरा वर्षं?”

“अकरा.”

तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं. हेच हात दिवसभर सुईत दोरा ओवत होते, मेणाचा दोरा कचकन ओढून गाठी मारत होते. दुखऱ्या बोटांनी हे होतं का? रोज डोळ्यांसमोर होतं आणि तिने एकदाही विचार केला नव्हता.

“आईला माहीत होतं?”

“नाही. दवाखान्यात शेवटी सांगणार होतो. तुझ्यामुळे माझी संध्याकाळ होते, असं म्हणणार होतो. आभार मानायचे होते तिचे. तर तिनेच विचारलं, बोटं कशी आहेत? तोंडाशी आलेलं गिळलं मी. म्हटलं, दुखतायत, लवकर घरी चल.” बाबांनी हात बाहेर काढले आणि टॉवेलने एक एक बोट पुसलं. “ती गेल्यावर तू बसायला लागलीस. मग तुलाही नाही सांगितलं. झाडाचं मला वाईट वाटतं, नाही असं नाही. पण मी गप्प बसलो ते झाडासाठी नव्हतं. आता तू उठून जाशील, याचं भय वाटलं.”

ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसली. आपल्या वाट्याला असे आईबाप आले, याबद्दल कुणाचे आभार मानायचे असतात हे तिला माहीत नव्हतं, पण ती ते मनातल्या मनात मानत होती, त्या गरम पाण्याचे, त्या स्टुलाचेसुद्धा.

“त्या पोराने चूक केली,” बाबा थोड्या वेळाने म्हणाले. “ओरड त्याला. पण ओरडायला तरी जा.”

शुक्रवारी सकाळी दुकान बाबांवर सोपवून ती निघाली. वाटेत तिने जे बोलायचं ते चार वेळा पाठ केलं आणि फाटकाशी पोचेपर्यंत चारही वेळा विसरली. तो मांडवातच होता, दाढी वाढलेली. शुक्रवारी कुणी येईल अशी त्याला अपेक्षाच नव्हती. तिला पाहून त्याच्या हातातली झारी तशीच वाहत राहिली आणि मावशींनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, आणि त्या शहाण्या बाई लांबच्या वाफ्याकडे निघून गेल्या.

“मी भांडायला आलेय,” ती म्हणाली. “पण ते नंतर. आधी आभार मानायचेत, ते राहून जायला नकोत. तुम्ही त्या दिवशी हसला नाहीत, त्याबद्दल. पालथा डबा दिलात, त्याबद्दल. माझ्या वेड्या काड्यांसाठी दोन तास घालवलेत. त्या मेल्या, त्या माझ्या हाताने मेल्या. तुम्ही गप्प बसलात ते चुकलंच, आणि मी ते बरेच दिवस काढत राहणार आहे. पण मी दर गुरुवारी यायचे ना, ती फक्त काड्यांसाठी येत नव्हते.” “मला तू आवडतोस. हे मी आजच सांगणार, कारण आमच्या घरात सांगायचं राहून जातं. आता झाड नाही, कारण नाही, काही नाही. तरी आलेय.”

तो शेडच्या मागे गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात मातीची एक काळी पिशवी होती. पिशवीत एक काडी. काडीला पानांच्या तीन जोड्या. आणि पिशवीच्या तळाच्या भोकातून बाहेर डोकावणारं एक पांढरंशुभ्र मूळ.

तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. आपल्या हातांवर तिचा विश्वास राहिला नव्हता.

“धर. आता काही होत नाही,” तो म्हणाला. “रोपवाले सगळ्या काड्या एका जागी लावत नाहीत. सहा मागे ठेवल्या होत्या. पाच गेल्या. ही राहिली.”

“मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?”

“तेव्हा हिला नुसती पानं होती. पानं फसवतात, मीच म्हटलं होतं. आणि त्या दिवशी ही पुढे केली असती, तर माफीसाठी लाच दिल्यासारखं झालं असतं.” तो थांबला. “मूळ मंगळवारी दिसलं. तेव्हापासून रोज पिशवी घेऊन तुमच्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत येतोय आणि परत जातोय. दारात जाऊन काय म्हणायचं, ते ठरत नव्हतं.”

“काय काय ठरवलं होतंस?”

“चूक झाली, एवढंच. त्याच्या पुढचं... तू बोललीस ते. तेच म्हणायचं होतं मला.”

तिने पिशवी दोन्ही हातांनी धरली. पानाचा वास घेतला. उग्र, कडवट, घरातला. डोळे भरून आले आणि ती त्याच्याकडे बघून हसलीही, दोन्ही एकदमच, आणि त्याने मातीच्या हाताने तिचे डोळे पुसले, त्यामुळे गालावर दोन्हीकडे चिखलाची बोटं उमटली. ती तशीच बसमध्ये बसली. तो शेजारी. भांडण तिने वाटेत सुरू केलं आणि तो सगळं कबूल करत गेला, त्यामुळे ते दोन थांब्यांतच संपलं.

बाबा नेहमीच्या जागी बसून पुस्तक शिवत होते. लेकीच्या गालावरची बोटं त्यांनी पाहिली, पाहुण्याचे मातकट हात पाहिले आणि हिशेब जुळवला. मग पिशवी हातात घेतली. एक पान त्यांनी बोटांत धरलं, चुरगळलं नाही, नुसतं धरलं. त्यांचे ओठ हलल्यासारखे दिसले. ते कुणाशी बोलत होते हे तिला समजलं आणि तिने मान दुसरीकडे वळवली.

तो हळूहळू सांगायला लागला, की हिला ऊन भरपूर लागतं, एकदा धरली की पाणी थोडंसुद्धा पुरतं, वर्षातून एकदा छाटली तर दाट होते, जांभळी फुलं येतात, त्यांच्यावर मधमाश्या येतात. बाबा ऐकत होते. मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि त्याला तो राखाडी चौकोन दाखवला.

“इथे माती उरली नाही,” ते म्हणाले. “ही तुमच्याकडेच लावा. आमची म्हणून वाढवा. पण एक अडचण आहे.” त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. मघाशी ज्या बोटांनी त्यांनी बारीक सुईत पहिल्याच फटक्यात दोरा ओवला होता, ती बोटं त्यांनी अवघडल्यासारखी वाकडी केली. चेहरा अगदी गंभीर. “माझी बोटं फार दुखतात हो. पानं रोज लागतात. कुणालातरी रोज तुमच्याकडे यावं लागेल, किंवा तुम्हाला इकडे यावं लागेल. पुढे कधी तुम्ही दोघं एकाच घरातून आणायला लागलात, तरी माझी हरकत नाही.”

तो काळजीने त्यांच्या बोटांकडे बघायला लागला. किती वर्षांपासून दुखतात, असं त्याने विचारलं.

“बरीच,” तिने उत्तर दिलं, आणि पातेल्यात पाणी घ्यायला आत गेली.